एएनएम झाली, आता पुढे?

आपल्या घरातली मुलगी एएनएमची परीक्षा पास झाली की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते, मशिदीतून बाहेर पडताना लोक तिच्या अब्बांना मुबारकबाद देतात आणि त्याच महिन्यात तिच्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात होते. मुलगी नर्स झाली, शिक्षण संपले, असे सगळेच धरून चालतात. पण ‘नर्स’ हा बोलण्यातला शब्द आहे. कायद्याच्या नोंदवहीत नर्सची पाने वेगवेगळी आहेत. तुमच्या मुलीचे किंवा सुनेचे नाव कोणत्या पानावर आहे, त्यावर तिचा पगार, तिचा अधिकार, तिची बढती आणि परदेशाची वाट ठरते. एएनएमचे पान पहिले आहे. त्याच्या पुढे आणखी पाने आहेत आणि तिथे पोहोचायची वाट कायद्याने उघडी ठेवली आहे, हे आपल्यापैकी फार थोड्या घरांना माहीत असते.

केळशीसारख्या गावात हा विषय पुस्तकी नाही. दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाला, भारजा नदीच्या मुखावर, याकूबबाबांच्या दर्ग्याच्या सावलीत वसलेले आमचे गाव. दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय गाठायचे तर घाटवळणाच्या रस्त्याने तास-दीड तास सहज जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी अडले, वीज गेली. अशा वेळी गावाला कळते की मोठे डॉक्टर दूर असतात आणि चालत पोहोचू शकणारी सिस्टर जवळ असते. बाळंतीण असो, बाळाचा डोस असो, म्हाताऱ्या माणसाची रक्तदाबाची गोळी असो, पहिला हात तिचाच लागतो. असा हात आपल्या घरातून तयार होत असेल तर तो पहिल्याच पायरीवर का थांबावा?

तीन पायऱ्या, तीन नावे

एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. मराठीत सहायक परिचारिका-प्रसविका. बारावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम. लसीकरण, गरोदर मातेची तपासणी, साधे बाळंतपण, कुटुंबनियोजन, घरभेटी, नोंदी असे तिच्या कामाचे स्वरूप. जिल्हा परिषदेत ती आरोग्यसेविका म्हणून रुजू होते. सरकारी निकषाप्रमाणे सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते, त्या उपकेंद्राचा कणा म्हणजे ही आरोग्यसेविका.

दुसरी पायरी जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. तीन वर्षांची पदविका. २०१५ च्या नव्या अभ्यासक्रमापूर्वी ती साडेतीन वर्षांची होती. ही पदविका घेतलेली मुलगी कौन्सिलच्या नोंदवहीत ‘रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ’ म्हणून चढते. सरकारी रुग्णालयात तिला अधिपरिचारिका म्हणतात. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, बालकक्ष, मनोरुग्ण विभाग ही सगळी दारे या नोंदणीनंतर उघडतात.

तिसरी पायरी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. नोंदणी झालेल्या जीएनएम नर्ससाठी दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. याच्या पुढे एमएस्सी नर्सिंग आहे, नर्सिंग महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी आहे.

या तिन्ही पायऱ्यांवरच्या बाईला रुग्ण ‘सिस्टर’च म्हणतो. सरकारी वेतनश्रेणी मात्र फरक करते. २०२३ मधल्या भरतीत जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेची वेतनश्रेणी २५,५०० रुपयांपासून सुरू होत होती आणि वैद्यकीय शिक्षण विभागातल्या अधिपरिचारिकेची ३५,४०० पासून. एम्ससारख्या केंद्रीय संस्थेत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होते. तिथे नर्सिंगची पदवी लागते, किंवा जीएनएमसोबत किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव. यावर महागाई भत्ता, घरभाडे वेगळे. कंत्राटी नेमणुकीत आकडे खाली येतात, पण पायऱ्यांमधले अंतर तिथेही राहतेच.

प्रश्न पैशाचाच नाही. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. देशपातळीवर हे पद नर्सिंगची पदवी किंवा जीएनएम झालेल्यांना, तसेच आयुर्वेदाच्या पदवीधरांना, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाच्या आधारे मिळू लागले. म्हणजे ज्या उपकेंद्रात एखाद्या आरोग्यसेविकेने वीस वर्षे उन्हापावसात काढली, तिथे तिच्या मुलीच्या वयाची अधिकारी येऊन बसली. त्या मुलीचा यात काही दोष नाही. तिच्याकडे पुढच्या पानावरची नोंद आहे, एवढाच फरक. अनुभव दोघींपैकी कोणाचा मोठा हे सगळ्या गावाला ठाऊक असते, पण नेमणुकीच्या कागदावर अनुभवाचा रकाना नंतर येतो, पात्रतेचा आधी.

वयाची भीती कोणी घातली?

एएनएम झालेल्या भगिनींकडून सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘आता वय झाले, आम्हाला कोण घेणार?’ इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम नेमका उलट आहे. जीएनएमच्या प्रवेशासाठी किमान वय १७ आणि कमाल ३५ ठेवले आहे. मात्र एएनएम आणि महिला आरोग्य पर्यवेक्षिका यांना या वयोमर्यादेतून सूट आहे. म्हणजे सदतीस वर्षांची, दोन मुलांची आई असलेली नोंदणीकृत एएनएमसुद्धा जीएनएमचा अर्ज भरू शकते.

दुसरी भीती बारावीच्या गुणांची. जीएनएमसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. इंग्रजी विषय असावा आणि एकूण ४० टक्के असावेत. विज्ञान शाखेला प्राधान्य असते, पण कला शाखेच्या मुलीला दार बंद नाही. शिवाय राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी झालेली एएनएम ही जीएनएमसाठीची स्वतंत्र पात्रता मानली आहे. बारावीला कमी गुण पडले म्हणून एएनएमकडे वळलेल्या मुलीसाठी हा नियम म्हणजे दुसरी संधी आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. एएनएमची दोन वर्षे जीएनएममधून वजा होत नाहीत. मधल्या वर्गात प्रवेश मिळत नाही. पहिल्या वर्षापासून पूर्ण तीन वर्षे बसावे लागते, आणि तेही पूर्णवेळ. घरबसल्या, रविवारच्या वर्गाने किंवा पत्राद्वारे जीएनएम होत नाही. ‘तुम्ही एएनएम आहात, एका वर्षात जीएनएम करून देतो’ असे कोणी म्हणाले तर समजून घ्या की तो शिक्षण विकत नाही, कागद विकतो आहे.

कागदाची दुकानदारी

आपल्या मुली सर्वांत जास्त फसतात त्या इथे. तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या आसपास फलक दिसतात: नर्सिंग असिस्टंट, पेशंट केअर, बेडसाइड असिस्टंट, सहा महिन्यांत नोकरी, दहावी नापास चालेल. यातले काही कोर्स रुग्णसेवकाचे प्राथमिक काम शिकवतात आणि तेवढ्यापुरते ते उपयोगीही असतात. पण त्या प्रमाणपत्रावर कौन्सिलची नोंदणी होत नाही. ज्या कागदावर नोंदणी होत नाही, तो कागद शिडीची पायरी नव्हे. त्यावर जीएनएमला प्रवेश मिळत नाही, सरकारी नर्सची नोकरी मिळत नाही, परदेशाची परीक्षा देता येत नाही. मुलगी पांढरा कोट घालून फोटो काढते, घरचे खूश होतात, आणि तीन-चार वर्षांनी पुढे जायची वेळ आली की कळते, आपण शिडीवर चढलोच नव्हतो.

म्हणून फी भरण्याआधी तीनच प्रश्न विचारा. पहिला, ही संस्था महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे का? ही यादी मुंबईच्या कौन्सिलकडे असते आणि संकेतस्थळावर पाहता येते. दुसरा, परीक्षा कोण घेते? महाराष्ट्रात एएनएम आणि जीएनएमची परीक्षा राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, पदवीची परीक्षा आरोग्य विज्ञान विद्यापीठ. संस्था स्वतःच परीक्षा घेऊन स्वतःच प्रमाणपत्र देत असेल तर उठून यावे. तिसरा, पास झाल्यावर कौन्सिलमध्ये माझे नाव कोणत्या नोंदवहीत चढेल? याचे उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला तर तेच त्याचे उत्तर समजावे.

नर्सिंगच्या शिक्षणावर देशपातळीवरचे नियंत्रण १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिलकडे आले. महाराष्ट्राचा परिचारिका कायदा १९६६ चा. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा केला, त्यात देशभराच्या ऑनलाइन नोंदवहीची तरतूद आहे. या सगळ्यामागे एकच विचार आहे: ज्याच्या हाती आपण जीव देतो, त्याचे नाव कुठेतरी लिहिलेले असावे आणि चूक झाल्यास ते नाव विचारता यावे. नोंदणी म्हणजे सरकारी कटकट, असे समजू नका. ती रुग्णाची हमी आहे आणि नर्सची ढाल.

ही नोंदणी एकदा केली की संपली, असेही नाही. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. लग्नानंतर घरी बसलेल्या कितीतरी एएनएम भगिनींची नोंदणी अशीच पेटीत पडून मुदतबाह्य होते. नोकरी करत नसलात तरी नूतनीकरण करून ठेवा. दार उघडे ठेवायला फार खर्च येत नाही. बंद झालेले दार पुन्हा उघडायला येतो.

नावाचा घोळ ही आपल्या समाजाची खास अडचण. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, गुणपत्रिकेवर ‘बी’ लागलेले, दाखल्यावर नसलेले, कुठे शेख पुढे, कुठे मागे, कुठे नुसते वडिलांचे नाव. निकाहनंतर सासरचे आडनाव लागले की आणखी एक भर. उर्दूत एकच असलेले नाव मराठीत आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. शाळेत शिक्षक म्हणून हे रोज पाहते, म्हणून सांगते: दहावीचा फॉर्म भरताना जे नाव लिहिले जाईल तेच आयुष्यभर सोबत चालते. त्या दिवशी आई-वडिलांपैकी एकाने तरी शाळेत येऊन ते अक्षर न् अक्षर तपासावे. लग्नानंतर नाव बदलायचे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला घ्यावा आणि कौन्सिलच्या नोंदवहीतही बदल करून घ्यावा. नुसते आधार बदलून भागत नाही.

हिशेब दहावीला मांडायचा असतो

आता थोडे गणित. बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेतलेली मुलगी थेट बीएस्सी नर्सिंगला गेली तर चार वर्षांत पदवीधर होते. कला शाखेची मुलगी थेट जीएनएमला गेली आणि मग पोस्ट बेसिक केले तर तीन अधिक दोन, पाच वर्षे. एएनएमपासून सुरुवात केली तर दोन, तीन आणि दोन मिळून सात वर्षे. पोहोचण्याचे ठिकाण जवळपास तेच, वाट वेगवेगळी.

याचा अर्थ एएनएमची वाट वाईट, असा नाही. ज्या घराला दोन वर्षांनी पगार हवा आहे, त्या घरासाठी ती शहाणपणाची आहे. मुलगी कमावती होते आणि पुढचे शिक्षण स्वतःच्या पैशाने करू शकते. पण बारावीला चांगले गुण असलेल्या मुलीला केवळ ‘लवकर संपते’ म्हणून एएनएमला घालणे हा तिच्यावर अन्याय आहे. आणि दहावीनंतर विज्ञान शाखेचे कॉलेज लांब आहे, एसटी वेळेवर नाही, म्हणून तिला कला शाखेत बसवताना निदान एवढे माहीत असावे की आपण चार वर्षांची वाट सोडून पाच वर्षांची धरतो आहोत.

उर्दू माध्यमाच्या मुलींसाठी आणखी एक सांगणे. जीएनएमचा अभ्यास इंग्रजीतून आहे. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, पोषण ही पुस्तके पहिल्याच वर्षी समोर येतात. आमच्या मुली हुशार असूनही पहिल्या सहा महिन्यांत रडतात ते विषयामुळे नाही, भाषेमुळे. यावर उपाय साधा आहे. आठवीपासून रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचावे. अर्थ पूर्ण कळला नाही तरी चालेल, डोळा आणि जीभ तयार होते. आणि गणित सोडू नये. समजा, एका बाटलीत १० मिलिलिटर द्रवात १,००० मिलिग्रॅम औषध आहे आणि डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम द्यायला लिहिले आहे. सिरिंजमध्ये किती ओढायचे? अडीच मिलिलिटर. हे सातवीचे त्रैराशिकच आहे. वर्गात ते चुकले तर एक गुण जातो. वॉर्डात चुकले तर काय जाते, हे मुलींना वेगळे सांगावे लागत नाही. मग त्या गणिताकडे निराळ्या नजरेने पाहतात.

पर्दा, रात्रपाळी आणि रुफैदा (रजि.)

जीएनएमचे नाव काढले की घरात पुढचा प्रश्न येतो तो वसतिगृहाचा, रात्रपाळीचा आणि पुरुष रुग्णांचा. हे प्रश्न विचारणाऱ्या आईला मागासलेली ठरवून काही साधत नाही. तिची काळजी खरी आहे. मुलींसाठी वसतिगृह असणे ही नर्सिंगच्या संस्थांसाठीची अट आहे. प्रवेशाआधी आईने स्वतः जाऊन ते वसतिगृह पाहावे, वॉर्डनशी बोलावे, गणवेशाचा नियम काय आहे हे तिथेच विचारून घ्यावे. पूर्ण बाह्यांचा गणवेश, डोके झाकणे याबाबत प्रत्येक संस्थेची रीत वेगळी असते. प्रवेश झाल्यावर वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

पण ‘हे काम आपल्या मुलींचे नाही’ असे कोणी म्हणत असेल तर त्याने आपलाच इतिहास आठवावा. मदिनेतील रुफैदा अल-असलमिया (रजि.) यांचे वडील वैद्य होते आणि जखमींची शुश्रूषा त्या त्यांच्याकडून शिकल्या. हिजरी ५ मध्ये खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) बाण लागून जखमी झाले, तेव्हा हुजूर (स.) यांनी त्यांना मशिदीतल्या रुफैदांच्या तंबूत ठेवायला सांगितले. तो तंबू मशीद-ए-नबवीच्या आवारात होता, हे लक्षात घ्या. हजरत उम्मे अतिया (रजि.) यांनी सात मोहिमांत सोबत राहून जखमींची आणि आजाऱ्यांची देखभाल केली. खिदमतीचे हे काम आपल्या समाजात कोणी बाहेरून आणलेले नाही.

आणि महाराष्ट्राच्या मातीतही या वाटेचा मान मोठा आहे. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. तारीख होती १० मार्च १८९७. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ नंतरच्या काळात विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले, तेव्हा ‘चांगल्या घरातल्या बायका असले काम करीत नाहीत’ असे म्हणणारे त्या समाजातही कमी नव्हते. आज त्याच घरांतल्या मुली रुग्णालयांच्या अधिसेविका आहेत. आपण शंभर वर्षांनी तीच हरकत घेत बसायचे का?

शिवाय उलट बाजूनेही विचार करावा. आपल्या आईला, बहिणीला इस्पितळात न्यायची वेळ आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘तिथे लेडीज स्टाफ आहे ना?’ तो लेडीज स्टाफ कोणाच्या तरी घरातून आलेला असतो, आणि त्या घराने रात्रपाळी मान्य केलेली असते.

आखाताची वाट

कोकणातल्या आपल्या प्रत्येक घराचा एक पाय आखातात आहे. त्यामुळे ‘एएनएमला तिकडे नोकरी मिळेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. तिथली रुग्णालये नर्स घेताना पदवी किंवा पदविका, नोंदणी, अनुभव आणि त्या देशाची परवाना परीक्षा मागतात. सौदी अरबच्या आरोग्य आयोगाच्या वर्गवारीत पदविकाधारक नर्स ‘टेक्निशियन’ गणली जाते आणि पदवीधर ‘स्पेशालिस्ट’. म्हणजे पोस्ट बेसिकची दोन वर्षे इथे केली तर तिथे दर्जाच बदलतो. प्रमाणपत्रांची थेट संस्थेकडे आणि कौन्सिलकडे पडताळणी होते. तिथे दुकानदारीचा कागद टिकत नाही.

एजंटच्या बाबतीत सावध राहावे. सौदी, कुवेत, कतार, अमिराती यांसारख्या इमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या देशांत नर्सची भरती २०१५ पासून केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फत आणि ई-मायग्रेट प्रणालीतूनच करायची आहे. कोणी मोहल्ल्यात येऊन लाखो रुपये मागत असेल तर त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

तीन वर्षांचा भार कोणी उचलायचा?

शेवटी सगळे येऊन थांबते ते तीन वर्षांवर. मुलगी नोकरीत असेल तर पगार थांबतो. ती कायम आरोग्यसेविका असेल, सेवा पंधरा-वीस वर्षे झाली असेल, तर राजीनामा देऊन जीएनएमला जाणे प्रत्येकीसाठी शहाणपणाचे नाही. अशा भगिनींनी आधी आपल्या कार्यालयात अध्ययन रजेचे नियम लेखी विचारावेत. त्यांच्यासाठी आरोग्य सहाय्यिकेच्या बढतीची वाटही आहे. त्यासाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण असते. पण जी पंचविशी-तिशीत आहे, कंत्राटी आहे किंवा एखाद्या खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबते आहे, तिने जीएनएमचा विचार आजच करावा.

पैशासाठी दारे आहेत. सरकारी संस्थांत शुल्क खाजगीच्या मानाने फार कमी असते, म्हणून पहिला प्रयत्न तिथेच करावा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या प्रवेशांना मिळते. त्यासाठी ईडब्ल्यूएस किंवा ओबीसीचा दाखला हाताशी हवा. तो प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीत धावून मिळत नाही. निकालाच्या आधीच काढून ठेवावा.

आणि जमातीकडेही काही मागणे आहे. दरवर्षी रमजानमध्ये जकातीची रक्कम गोळा होते, गावाची आणि मुंबईकरांचीही. हकदार घरातल्या मुलीच्या जीएनएमच्या तीन वर्षांची जबाबदारी त्यातून घेता येईल का, हे मौलानासाहेबांना विचारून ठरवावे. एका गावाने तीन वर्षांतून एक मुलगी उभी केली, तरी दहा वर्षांत तीन रजिस्टर्ड नर्स होतात. तेवढ्याने केळशीसारख्या गावाचे चित्र पालटेल.

पण सर्वांत मोठी मदत पैशाची नाही. ती निकाहच्या बोलणीत असते. स्थळ ठरवताना आपण मेहेर बोलतो, दावतीचा खर्च बोलतो, मुलीच्या पुढच्या शिक्षणाबद्दल मात्र ‘नंतर बघू’ म्हणून विषय सोडतो. ते ‘नंतर’ कधी येत नाही. मुलगी एएनएम असेल तर बैठकीतच साध्या शब्दांत विचारावे: हिला जीएनएम करायचे आहे, तीन वर्षे वसतिगृहात राहावे लागेल, तुमची तयारी आहे का? हो म्हणणारे घर मिळाले तर ते घर पैशाने नसेल कदाचित, पण दिलाने मोठे आहे. आणि ज्यांच्या घरी एएनएम सून आधीच आली आहे, त्या सासूबाईंना माझी विनंती आहे. तीन वर्षे नातवंडांना सांभाळणे हे सोपे काम नाही, हे मान्य. पण तुमच्या त्या तीन वर्षांवर सुनेची पुढची तीस वर्षे उभी राहणार आहेत, आणि तुमच्या म्हातारपणी तुमच्या उशाशी बसणारी घरचीच एक रजिस्टर्ड नर्स असेल, इन्शाअल्लाह.

या महिन्यात एवढेच करा. घरातल्या एएनएमचे नोंदणी प्रमाणपत्र पेटीतून बाहेर काढा, त्यावरची मुदत पाहा, नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहा. मुदत संपली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज करा. मग तिला विचारा, पुढे शिकायचे आहे का? तिचे उत्तर बहुतेक वेळा तयार असते. तिला आजवर कोणी विचारलेले नसते.